सुखदेव, तुझी लाईन चालू होती

सुखदेव, आज तुझ्या जलदानविधीला माझं नाव पुकारलं आणि मी उठलो नाही. मांडवातले सगळे वळून पाहायला लागले. शाळेपासूनचा मित्र, दोन शब्द बोलेल म्हणून लोक थांबले, आणि मी मान खाली घालून सतरंजीचे धागे उपटत बसलो. शेवटी तुझ्या शाळेचे हेडमास्तर उठले आणि नारायणरावांचा कंठ दाटून आला आहे, असं माझ्या वतीनं सांगून मोकळे झाले. कंठ दाटला नव्हता. माझ्याकडे बोलण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती तुझ्याआधी मांडवातल्या दोनशे लोकांना सांगायची माझी हिंमत नव्हती. तू गेलास तो, आपली आठवण गेली, आपलंही बापासारखं होणार, असं मनात पक्कं धरून गेलास. ते खरं नव्हतं. ते खरं नाही हे ज्याला माहीत होतं असा एकच माणूस या मोहाडीत होता, आणि तो गप्प बसला.

तुझ्याशी गप्प बसायची मला सवय नव्हती, म्हणून तर जास्त लागतं. आपण एका बाकावर बसलो, मग तू शिकत वर गेलास आणि मी टेलिफोनच्या खांबावर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी माझी बदली मोहाडीच्या एक्सचेंजला झाली आणि आपलं भांडण पुन्हा रोजचं झालं. तू विज्ञान शिकवणारा गुरुजी, मी वायरी ओढणारा मेकॅनिक. तू मला सगळ्यांसमोर 'लाईनमन' म्हणायचास, मी तुला 'मास्तर'. एवढाच मान आपण एकमेकांना दिला, आणि तो पुरवून पुरवून वापरला.

ब्रॉडबँड गावात आलं तेव्हा पहिला अर्ज तुझा. बाजाराच्या मागे, बोडीच्या पाण्याच्या काठाला तुझं घर, तिथवर नवी वायर मीच ओढली. मॉडेम मांडलं आणि ऑफिसनं दिलेली सीडी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. आम्हाला शिकवलं होतं ते एवढंच, की सीडी घालायची आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जायचं. तुझ्या कॉम्प्युटरनं सीडीकडे ढुंकून पाहिलं नाही. कारण त्यावर तू लिनक्स टाकून बसला होतास, आणि लिनक्स हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मास्तर, हे नाही चालत याच्यावर," मी म्हणालो. "सारी दुनिया वापरते ते टाकून घे ना."

"सारी दुनिया वापरते तं मी काय करू? तुह्या सीडीत काय लिहिलं आहे, तुले माहीत आहे का?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिला?"

त्यानंतरचे आठ दिवस मी ड्युटी संपली की तुझ्याकडे. भंडाऱ्याहून तू कागदांचा गठ्ठा छापून आणला होतास, तो मांडीवर घेऊन तू वाचायचास आणि मी मॉडेमचे दिवे पाहून सांगायचो, पेटला, विझला, पेटला. विमलवहिनी लाखोळीच्या डाळीचे वडे आणून ठेवायच्या आणि दोन म्हातारे काय शोधताहेत ते पाहून जायच्या. आपण तेव्हा म्हातारे नव्हतो, पण वाकून वाकून तसे दिसत असू. सातव्या दिवशी तुला कळलं की आपण मॉडेमच्या भलत्याच भोकात वायर घालत होतो. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, तू काळ्या खिडकीत 'पॉन डीएसएल-प्रोव्हायडर' असा लाईन लावायचा हुकूम लिहिलास, एंटर दाबलंस, आणि मराठी पेपरचं पान हळूहळू वरून खाली उलगडत आलं. तू उठून वहिनींना हाताला धरून घेऊन आलास. "वाच वो, वाच, आजचा आहे," म्हणत होतास, आणि त्या बिचाऱ्या कणकेचे हात तसेच धरून बाजारभाव वाचत होत्या. अख्ख्या तालुक्यात लिनक्सचा कॉम्प्युटर थेट मॉडेमला जोडलेलं घर एकच आणि ते मी जोडलं, असं मी वरठीच्या टपरीवर वर्षभर सांगत होतो. मी फक्त वायर धरली होती. त्या आठ दिवसांत मी जेवढं शिकलो तेवढं नोकरीनं मला तीस वर्षांत शिकवलं नाही, हेही तुला कधी म्हटलं नाही.

मग भांडण सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, उद्या कोणी हे वाचलंच तर. ब्रॉडबँडची लाईन आपोआप चालू होत नाही. घरातून एक्सचेंजला हाक जावी लागते, नाव आणि पासवर्ड सांगावा लागतो, मग दार उघडतं. ही हाक कॉम्प्युटरनं मारायची की मॉडेमनं, हे ठरवता येतं. मॉडेमच हाक मारणार असेल तर माणसाला काही करावं लागत नाही, बटण दाबलं की झालं. कॉम्प्युटर हाक मारणार असेल तर मॉडेमनं मधे तोंड घालायचं नाही, आलेली हाक पुढे पोचवायची. माझं म्हणणं, मॉडेमला करू दे, तुझी कटकट वाचेल. तुझं म्हणणं, कॉम्प्युटर माझा, हाक मीच मारीन.

"अबे, रोज सकाळी तेच ते लिहितोस, कंटाळा नाही येत?"

"तू रोज सकाळी दात घासतोस ना? मंग?"

मी ते हेकटपण समजत होतो. खरं कारण तू मला एकदाच सांगितलंस, तुझ्या घराच्या मागच्या आवारात बाज टाकून बसलो होतो तेव्हा. तुझ्या बाबांची शेवटची दोन वर्षं मी पाहिली होती. ते तुला ओळखत नव्हते. तू ताट घेऊन गेलास की हात जोडायचे आणि "गुरुजी, तुम्ही कायले तकलीफ घेता" म्हणायचे. पोटचा पोरगा समोर, आणि बाप त्याला शाळेचा गुरुजी म्हणून नमस्कार करतो. तू बाहेर येऊन हात धुवायचास, खूप वेळ धुवायचास. त्या दिवशी बाजेवर तू म्हणालास, "नारायण, मी रोज सकाळी तो हुकूम न पाहता लिहितो. कागद नाही, काही नाही. ज्या दिवशी चुकीन त्या दिवशी समजून घेईन." मी हसलो होतो. तू नव्हतास हसला.

आता जूनमधलं ऐक.

आपल्याकडे आभाळ पहिल्यांदा गुरगुरलं की घरोघरी एकच धावपळ होते, मॉडेमची वायर उपटा. वीज वायरीवरून आत येते आणि मॉडेम जाळते. गल्लीत सगळ्यांना आवाज देत फिरणारा तू. "वायर काढा वो, काढा!" या वर्षी तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं नागपूरला निघालात, गाडीची घाई होती, आणि वायर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी वीज कडाडली. चावी माझ्याकडे होती. मी गेलो तर मॉडेम काळं पडलेलं, जळका वास खोलीभर. मी तुला फोन करून सांगितलं आणि वर डिवचलं, "काय मास्तर, गावाले सांगते आणि आपलीच विसरते?" तू काही बोलला नाहीस. तुझ्या गप्प राहण्यात काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. तीस वर्षं मी लोकांच्या लाईनवर कान लावून खरखर ऐकत आलो, तुझी ऐकू आली नाही.

नवं मॉडेम मी आणून बसवलं. हल्लीची मॉडेमं स्वतःच हाक मारायला शिकवूनच येतात. तुझं नाव, पासवर्ड माझ्या वहीत होते, ते त्यातच भरले. दोन मिनिटांचं काम होतं ते जुन्यासारखं करून ठेवायचं. नाही केलं. विसरलो असतो तर आज बरं वाटलं असतं, पण मी विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवलं. मनात म्हटलं, येऊ दे मास्तरला. बसेल, आपला हुकूम लिहील, काही होणार नाही, पाच मिनिटांत मला फोन करून शिव्या देईल. मग मी म्हणेन, अबे हुकूम कायले लिहितो, लाईन चालूच आहे, कॉम्प्युटरले फक्त सांग की मॉडेमचं ऐक. इतक्या वर्षांच्या भांडणात एकदा तरी मी जिंकेन. ऑफिसच्या लॅपटॉपवर लाईन तपासली, चारही दिवे पेटले होते, कुलूप लावलं आणि हसत घरी गेलो. मस्करी होती सुखदेव. आपण आयुष्यभर एकमेकांची केली तशीच.

तू नागपूरहून आलास. मी फोनची वाट पाहिली. पहिला दिवस, दुसरा दिवस, आठवडा. तुझा फोन नाही. मला वाटलं, मास्तर फुगला. मला वाटलं, कळलंय त्याला आणि मुद्दाम बोलत नाही. मग मीही फुगलो. आधी तो बोलेल तर बोलीन, असं साठीला टेकलेला माणूस मनाशी म्हणत होता. आणि तू तिकडे रोज सकाळी बसून तो हुकूम लिहीत होतास, आणि पडद्यावर रोज येत होतं की पलीकडून उत्तर नाही, वेळ संपली. मॉडेम स्वतःच बोलत बसलं होतं, तुझी हाक पुढे जातच नव्हती. पासवर्ड विचारायची वेळच येत नव्हती. तू म्हणत असशील, मी काय चुकीचं लिहून राहिलो?

एका गोष्टीवर मी स्वतःला सोडवायचा प्रयत्न केला, तीही सांगतो. उत्तर नाही म्हणजे काय, हे तुला कळायला हवं होतं. मलाच तू शिकवलं होतंस की हे आलं म्हणजे पासवर्डचा संबंध नाही, मधल्या रस्त्यात अडलं आहे. मग तुला का नाही उमगलं? म्हणजे खरंच तुझं थोडं सुटत चाललं होतं का? तू गेल्यावर चार रात्री मी हाच विचार धरून झोपलो. किती हलकट माणूस असेन मी, की तुझा आजार खरा निघावा म्हणून आशा करत होतो.

जुलैत बाजारात भेटलास. तोंडल्यांच्या ढिगापाशी, काळा चष्मा लावून. मी म्हटलं, "काय, इंटरनेट कसं चालू आहे?" तू म्हणालास, "सोडून देलं गा. डोळ्याले झेपत नाही." मी मनात म्हटलं, हरलास पण कबूल करत नाहीस. तेवढ्यावर आपण सुटलो.

आणि मग वरठीचं स्टेशन. तुझ्या उज्ज्वलाला पुण्यात मुलगी झाली, वहिनी निघाल्या, तू त्यांना गाडीत बसवायला आला होतास, मी टपरीवरून तुमच्याकडे आलो. तू का जात नाहीस म्हटलं तर परत डोळाच सांगितलास. गाडी गेल्यावर आपण बाकावर बसलो. तू रुळांकडे पाहत म्हणालास, "नारायण, माह्या बापाची सुरुवात कशी झाली होती, तुले आठवते?"

"काहून?"

"काही नाही. असंच."

तिथे मला कळलं. एकदम सगळं कळलं, वायर, हुकूम, बाज, न आलेला फोन. त्याच बाकावर तुझ्या पाठीवर थाप मारून सांगायला हवं होतं, की अबे लेका, मीच केलं, चल घरी, दोन मिनिटांत ठीक करतो. तू मला स्टील कारखान्यातून सुटून गाडीला आलेल्या लोकांसमोर शिव्या दिल्या असत्यास आणि मी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. पण दोन महिने झाले होते. दोन महिने तू जे भोगलं असशील ते सगळं आता माझ्या नावावर लागणार होतं. मी म्हटलं, "म्हातारपणात तं साऱ्यायचंच होते मास्तर." हे बोललो मी. तुझ्या भीतीवर माझ्या तोंडानं शिक्का मारला.

ठरवलं की उद्या जाऊन, तू नसताना, गुपचूप जुन्यासारखं करून द्यायचं. तू लिहिशील, लाईन लागेल, खूश होशील, मग पुढे कधीतरी हसत सांगू. उद्या रस्त्याच्या कामात केबल तुटली. परवा साहेबांची तपासणी. मग पोळा आला. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती, तोंडावरच सांगायची होती, असं मी नऊ दिवस म्हणत राहिलो. दहाव्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलास आणि बाहेर आला नाहीस. वहिनी दोन दिवसांपूर्वीच परतल्या होत्या, एवढंच बरं झालं असं लोक म्हणतात. मला त्यातही काही बरं दिसत नाही.

आज कार्यक्रम उरकल्यावर उज्ज्वला माझ्याशेजारी येऊन बसली. लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं. म्हणाली, "काका, बाबांना किती म्हटलं या, या. म्हणायचे, तिथं मी हरवीन पोरी, रस्ता नाही आठवणार, तुले लोकायत लाज वाटंल. नातीचा फोटो तेवढा मागवला." तुझ्या मोबाइलवर फोटो दिसत नव्हता, कॉम्प्युटरवर तुला लाईन लागत नव्हती. म्हणून तिनं टपालानं पाठवला. तो तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी पोचला.

मग वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "भाऊजी, हे कनेक्शन काढून न्या. आता कोण वापरते?" मी बरं म्हटलं. त्या तिथेच दारात उभ्या राहिल्या. मी लॅपटॉप लावून मॉडेम उघडलं आणि जे काम जूनमध्येच करायचं होतं ते केलं, त्याला हाक मारणं बंद करायला सांगितलं. का केलं, माहीत नाही. काढायचंच होतं ते. मग तुझा कॉम्प्युटर सुरू केला, काळी खिडकी उघडली. तुझा हुकूम मला पाठ नव्हता. तूच कधीतरी दाखवलं होतंस की वरच्या बाणाची कळ दाबली की आधी लिहिलेलं एकेक करून परत येतं. दाबली.

तुझं लिहिलेलं परत यायला लागलं, सुखदेव. पॉन डीएसएल-प्रोव्हायडर. मग बंद करायचा हुकूम. मग काय झालं ते विचारायचा हुकूम. परत पॉन डीएसएल-प्रोव्हायडर. मी दाबत गेलो, ते येत गेलं. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. रेघ जागेवर, स्पेलिंग जागेवर, क्रम जागेवर. तिसांच्या पुढे मी मोजणं सोडलं. एका डोळ्यावर पट्टी होती तेव्हापासून तू कागद न पाहता बरोबर लिहीत होतास, प्रत्येक सकाळी बरोबर, आणि प्रत्येक सकाळी चुकलो म्हणून उठत होतास.

मी त्यातल्याच एकावर एंटर दाबलं. लाईन लगेच लागली.

"लागली?" वहिनी जवळ आल्या. "यायच्यानं तं नव्हती लागत. काय बिघडलं होतं, भाऊजी?"

"मॉडेम."

"यायनं जे लिहिलं होतं, ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं, वहिनी. सारंच बरोबर होतं."

त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण खालून वरपर्यंत सगळ्या ओळी सारख्याच आहेत एवढं दिसत होतं. "म्हणजे यायचं डोकं ठीक होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं, "मंग यायले कोणी सांगतलं काहून नाही?"

मी बाहेर आलो, चप्पल घातली आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. त्या अजून उत्तराची वाट पाहत असतील.